धुरे पेटतात ते दिवस

हिंगोलीहून पुसेगावकडं जाणाऱ्या एस.टी.त वैशाखात खिडकीजवळ बसायचं नाही, असं मी दरवर्षी ठरवते आणि दरवर्षी खिडकीचीच जागा धरते. नरसी मागं पडली की दोन्ही बाजूंना नांगरून उघडी टाकलेली काळी रानं सुरू होतात आणि त्यांच्या कडांना धूर दिसायला लागतो. आमच्याकडं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. पेरणीआधी हे धुरे पेटवायची रीत आहे. वाळलेलं गवत, काट्याकुट्या, कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, सगळं जाळून शेत साफ करायचं. बारीक पिवळी आग कडेकडेनं सरकत जाते आणि मागं काळी पट्टी ठेवते. बसमधलं कुणी मान वळवूनही बघत नाही, इतकं ते नेहमीचं आहे. मी पदर नाकाला लावून बघत राहते. शेजारची बाई विचारते, "धुराचा तरास हाय का तुमाला?" मी हो म्हणते. ते काही खोटं नाही.

मला या दिवसांचा राग येतो. उन्हाचा नाही, ऊन सगळ्यांनाच असतं. राग येतो तो त्या वासाचा. जळक्या गवताचा वास नाकात शिरला की चाळिशी ओलांडलेली, पगारदार, दोन लेकरांची आई असलेली मी एकदम एकवीस वर्षांची होते. हातात आगपेटी धरलेली आणि स्वतःच्या हुशारीवर भलतीच खूश.

आमचं रान गावाला लागूनच होतं. तेव्हा हिंगोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळं परभणीतच होतं. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या धुऱ्यांवर झाडं होती. पूर्वेच्या अंगाला बाभळींची रांग, नाल्याकडं दोन हिवर, अधूनमधून बोरी, आणि मधल्या धुऱ्यावर एक निंब. त्या निंबाला मी आणि माझा धाकटा भाऊ दत्ता दोघांनी दोन बाजूंनी मिठी मारली तरी बोटाला बोट लागत नसे. यातलं एकही झाड आबांनी लावलेलं नव्हतं. कुणी कौतुक केलं तर म्हणायचे, "आपल्या मनानं उगवली. मी मोडली न्हाईत, एवढंच."

निंबाच्या सावलीत ज्वारीच्या दोन ओळी दरवर्षी ठेंगण्या राहायच्या. गावातले लोक त्यावरून आबांना डिवचायचे. आबा तंबाखू मळत म्हणायचे, "त्यालाबी पोट हाय. खाऊ द्या दोन वळी." आणि विषय संपायचा. फाल्गुनात निंब पाला गाळायचा. मी आणि आई खराट्यानं तो ओढून टोपल्यांनी रानात पसरायचो. पाठ मोडून जायची, आणि मी फार कुरकुरायची. धुऱ्यावरचं गवत आबा विळ्यानं कापून बैलांपुढं टाकायचे. बैलांचं शेण उकिरड्यात जायचं आणि उकिरडा परत रानात. आमच्या धुऱ्यांना कधी कुणी काडी लावली नाही. झाडं आहेत, एवढं एकच कारण त्याला पुरेसं होतं.

मिरचीचं रोप टाकायचे दिवस आले की गावातल्या बाया टोपली घेऊन आमच्या दाराशी यायच्या. "आबा, वाफ्याला निंबाखालची माती न्यायची व्हती." आबा त्यांच्याबरोबर जायचे, खुरपं स्वतःच्या हातात ठेवायचे आणि वरवरची माती खरवडून द्यायचे. "खोल न्हाई खणायचं माय, मुळ्या हायेत." वैशाखात बाकीच्या रानाला अशा भेगा पडायच्या की बकरीचा पाय अडकावा. निंबाखाली मात्र माती मोकळी, चहाच्या चोथ्यासारखी हलकी आणि काळी. मुठीत दाबली तर ढेकूळ व्हायची आणि बोट लावलं की सुटायची. पावसाळ्यात तिथं एक खुरप्याचा घाव घातला तरी तीनचार गांडुळं वळवळत वर यायची. या मातीचं मोल गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. शिकलेल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी नुकतीच शिकून आले होते.

शेतकीच्या दोन वर्षांच्या कोर्सला आमच्या गावातून गेलेली मी पहिलीच मुलगी. आबांना त्याचा एवढा अभिमान की बाजारात ओळखपाळख नसलेल्या माणसालाही ते सांगायचे. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. आदल्या हंगामात अळीनं कपाशीची बोंडं आतून पोखरून टाकली होती. फवारून फवारून लोकांच्या हाताची कातडी निघाली, पण अळी काही मेली नाही. मी माझी वही उघडली. शेत आणि बांध स्वच्छ ठेवावेत, गवतात किडीचे कोष राहतात, असं त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. स्वच्छ ठेवावेत म्हणजे जाळावेत, हा अर्थ माझा मीच लावला.

"आबा, यंदा धुरे पेटवून द्या," मी म्हणाले.

"आपण न्हाई पेटवत बाई."

"काहून पण?"

"झाडं हायेत की."

"झाडाला काय होतंय? वरचं गवत जळतं नुसतं. अळीचं बीच जाईल त्याच्यासंगं."

आबांनी कान खाजवला. माझ्याकडं बघितलं, वहीकडं बघितलं. मग म्हणाले, "तू शिकून आली. तुला माहीत असंल." आणि कमरेच्या कनवटीतून आगपेटी काढून त्यांनी माझ्याच हातात दिली. आयुष्यात मला फार मोठमोठी बोलणी बसली आहेत, सासरी बसली, नोकरीत बसली. पण हे वाक्य जितकं लागतं तितकं दुसरं कुठलंच लागत नाही.

सकाळची वेळ होती, वारा पडलेला होता. मी काडी लावली. आग शहाण्यासारखी धुऱ्याधुऱ्यानं गेली आणि दोन तासांत विझली. बाभळींची बुडं थोडी काळी झाली, बाकी काही नाही. मी आबांकडं "बघा" अशा अर्थानं बघितलं. आम्ही घरी येऊन जेवलो. निंबाच्या बुंध्याला मागच्या अंगानं, जमिनीलगत एक ढोली होती आणि तिच्यात वर्षानुवर्षांचा वाळका पाला साचलेला होता. लहानपणी आम्ही त्यात चिंचोके लपवायचो. ती मला आठवली नाही. आबांना आठवली होती की नाही, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

दुपारी तांड्यावरची शांतीबाई आली. ती तिच्या शेळ्या रोज दुपारी निंबाखाली बसवायची. दारातूनच म्हणाली, "आबा, तुमचा निंब धूर सोडून राहिला."

ज्यानं झाड आतून जळताना बघितलेलं नाही, त्याला हे सांगणं अवघड आहे. बाहेर ज्वाळा नसते. वर हिरवागार पाला, पाल्यात कोवळ्या निंबोळ्या, आणि बुंध्याच्या पोटात निखारा. आबांनी विहिरीकडं धाव घेतली. विहिरीत रात्रभर पाझरून जेवढं साचायचं, तेवढ्यात घर आणि बैल दोन्ही भागवायचे दिवस होते. तरी आईनं एका शब्दानं न विचारता भरलेल्या दोन घागरी उचलून दिल्या. ढोलीत पाणी ओतलं की आत चर्र आवाज व्हायचा, वाफ यायची, वाटायचं विझलं. तासाभरानं पुन्हा धूर. दुसऱ्या दिवशी आबांनी शेण आणि माती कालवून ढोलीचं तोंड लिंपून टाकलं. हवा कोंडली की आग मरेल, असं मीच सुचवलं होतं. माझं सुचवणं अजून संपलं नव्हतं. धूर खालून थांबला आणि वर, दोन पुरुष उंचीवर पोपटांची ढोली होती, तिथून यायला लागला. पोपट झाडाभोवती ओरडत फिरत राहिले. त्यांची पिल्लं आत होती.

तिसऱ्या दिवशी मी आबांना बुंध्यावर तळहात ठेवून उभं राहिलेलं बघितलं. लेकराचा ताप बघावा तसा. चौथ्या दिवशीही तसंच. पुन्हा पाणी आणावं तर बैलांच्या तोंडचं काढावं लागणार होतं. शांतीबाई शेळ्या घेऊन लांब बोरीखाली बसायची आणि तिथूनच सांगायची, "आता त्याला सोडा आबा. पोटात गेलेली आग हाय, ती जेवल्याबगर उठत न्हाई." आबा बुंध्यावरचा हात काढायचे नाहीत. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहायची. मला माफी मागायची होती. पण आमच्या घरात बापाची माफी मागायची पद्धतच नव्हती, शब्द कुठून सुरू करायचे तेच येत नव्हतं. मी नुसतीच विचारायची, "आबा, चहा आणू?"

सहाव्या दिवशी दुपारी आई आणि मी अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होतो. वाऱ्याची झुळूकही नव्हती. रानाकडून एक लांबलचक करकर ऐकू आली आणि मग जमिनीतून पायाला जाणवेल असा दणका. आईचा हात थांबला. मग तिनं पुढची कुरडई घातली. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.

गावात विचारणारे पुष्कळ होते. आबांनी प्रत्येकाला एकच सांगितलं, "मीच पेटवला. गवत लई झालं व्हतं." त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी लग्न होऊन जाईपर्यंत आणि त्यानंतरही, त्यांनी माझं नाव त्या आगीशी कधी जोडलं नाही.

खरं नुकसान पुढंच होतं. त्या पावसाळ्यात दत्तानं पहिल्यांदा सोयाबीन पेरलं. तेव्हा सगळीकडंच ते नवं नवं येत होतं. निंब गेल्यानं मधला तुकडा मोकळा झाला होता, त्याला दिवसभर ऊन मिळालं, आणि खाली ती चोथ्यासारखी माती. तिथलं सोयाबीन असं आलं की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. दत्ता हरखून गेला. "बघितलं का ताई? आजवर झाडंच खाऊन राहिले व्हते आपलं पीक." झाड गेलं आणि पीक आलं, त्याला जे दिसलं ते कुणालाही दिसलं असतं. त्या पिकानं निंबाचीच पुंजी खाल्ली होती, हे त्याला कोण सांगणार? मीसुद्धा मान डोलावली. मनातून जरा सुटल्यासारखंही वाटलं मला, हे आज कबूल करते. चला, माझ्या हातून झालं त्यात काहीतरी चांगलं निघालं, असं वाटलं.

मग एकेक गेलं. बाभळीच्या सावलीत सोयाबीन हिरवंच राहायचं, बाकीचं रान काढणीला आलेलं असायचं. ट्रॅक्टरला वळायला धुऱ्यावरच्या फांद्या आडव्या यायच्या. दोन हिवर एका उन्हाळ्यात, बाभळी पुढच्या दोन-तीन उन्हाळ्यांत. ट्रॅक्टर आल्यावर बैल कशाला, म्हणून बैल गेले. बैल गेले म्हणून उकिरडा बसला. धुऱ्यावरचं गवत आता कुणाच्या पोटात जाणार नव्हतं, म्हणून तेही दर वैशाखात पेटायला लागलं. दोन हजार सालानंतर एकदा माहेरी गेले तर घराच्या ओट्यावरून थेट नाल्यापर्यंत दिसलं. मध्ये नजर अडवणारं काही उरलंच नव्हतं. आबा ओट्यावर बसलेले होते, पण रानाकडं पाठ करून.

आबा गेले त्या वर्षी मी हक्कसोड करून दिली. आमच्याकडं बहिणी देतातच. वडिलांच्या जमिनीत कायद्यानं वाटा असतो, आणि रीत असते तो भावाला सोडून द्यायची. मला पगार होता, दत्ताला तेवढंच रान होतं, आणि भाऊ माझा गुणी. मी आनंदानं अंगठ्याऐवजी सही केली, भावजयीनं नेसवलेली साडी घेतली आणि बसनं परत आले. नाल्याकडची शेवटची बोर तोडायला काढली तेव्हा मी फोनवर म्हणाले, "ती तरी राहू दे रे." दत्ता म्हणाला, "ताई, तू कधीतरी येणार. ट्रॅक्टर मला फिरवायचा हाय." यात त्याचं काय चुकलं, ते मला अजून सापडलेलं नाही.

मी माती तपासते. हिंगोलीतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत तो माझा रोजचा उद्योग आहे. नमुना कसा घ्यायचा याचं एक पत्रक आम्ही वाटतो. त्यात लिहिलेलं असतं, की झाडाखालची माती घेऊ नये, बांधाजवळची घेऊ नये, उकिरड्याच्या जागेची घेऊ नये. शास्त्राच्या दृष्टीनं ते बरोबर आहे, त्या जागा साऱ्या रानासारख्या नसतात. पण ते पत्रक वाटताना मला दरवेळी वाटतं, की माझ्या बापानं जन्मभर जी माती केली, ती तपासायची नाही, असंच आम्ही लिहून ठेवलं आहे.

एक दिवस दत्ता स्वतःच पिशवी घेऊन आला. चिठ्ठीवर आबांचं नाव खोडून त्याचं लिहिलेलं. "ताई, खत वाढवून राहिलो तरी उतारा कमी कमी येऊन राहिला. काहून असं, बघ बरं." त्या पत्रकातला पहिला नियम त्याला पाळावाच लागला नव्हता, कारण रानात झाडच नव्हतं. मातीतला सेंद्रिय कर्ब बघायची आमची रीत साधी आहे. नारंगी द्रावणात माती टाकायची, आम्ल घालायचं. मातीत कर्ब असला की रंग हिरव्याकडं झुकतो. मी नळी उजेडात धरली. ती नारंगीच होती. मी दुसऱ्यांदा करून बघितलं, जसं काही नात्यातल्या माणसाला वेगळा रंग मिळेल.

"गेला कुठं मग तो?" दत्तानं विचारलं.

मी वर बोट केलं. मातीत मुरलेला पाला, मुळं, शेण हाच कर्ब. झाडं होती तोवर तो दरवर्षी वरून खाली येत होता. आपण घालणं थांबवलं, उकरणं वाढवलं, वरून जाळत राहिलो. तो हवेत गेला, आणि जास्तीचं टाकलेलं खतही निम्मंशिम्मं वायू होऊन तिकडंच गेलं. जग तापून राहिलंय म्हणतात, त्यात आपल्या नऊ एकरांचाही हात आहे. दत्तानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे आबाचा निंब..." एवढंच म्हणाला. मी शिफारशीच्या रकान्यात शेणखत लिहिलं. त्यानं ते वाचलं, घडी करून खिशात घातलं. "बैलच न्हाईत की ताई," असं म्हणून तो बसस्टँडकडं गेला.

त्यानंतर गावात धुऱ्यावर झाडं लावायची एक योजना आली. समजावायला आलेला माणूस तळमळीनं बोलला. झाडं आभाळातला धूर खाली ओढतात, माती सुधारते, सगळं. म्हातारी झालेली शांतीबाई मागं बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आमी तर ही झाडं बघितलीच व्हती साहेब. तवा काहून न्हाई आले?" लोक हसले. दत्ता हसला नाही. त्यानं मधल्या धुऱ्यावर आणि पूर्वेच्या अंगाला रोपं लावली. निंब, बाभूळ, दोन आंबे. दोन उन्हाळे त्यानं आणि भावजयीनं डोक्यावरून पाणी नेऊन ती जगवली. फोनवर पिकाची नाही, रोपांची खुशाली सांगायचा. "निंब कमरेला लागला ताई." मी कार्यालयात सगळ्यांना सांगत सुटायची.

यंदा अक्षय्य तृतीयेनंतर चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, धुरा पेटला."

"कुणाचा? शेजाऱ्याची आग आली का?"

"मीच पेटवला."

तोच सांगत राहिला. आजूबाजूला सगळ्यांचे धुरे पेटलेले दिसत होते. गवत छातीला लागलेलं. दुसऱ्याची आग आली तर रोपं जातील, म्हणून भीती वाटत होती. आपणच आधी हिशेबानं पेटवलं तर बरं, असं वाटलं. प्रत्येक रोपाभोवती हातभर जागा खुरप्यानं साफ केली होती. "आपण इतकी सालं पेटवतच आलो ना. हात गेला आगपेटीकडं. मधीच वारा उठला." ही रीत त्याला कुणी शिकवली, हे त्यानं म्हटलं नाही. तोही आबांचाच मुलगा.

मी पहिल्या बसनं गेले. भावजय ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती, तिनं नुसतं रानाकडं बोट केलं. मधल्या धुऱ्यावर दत्ता उकिडवा बसला होता. रोपांच्या जागी काळ्या काड्या उभ्या होत्या. मी एकीला हात लावला, ती मोडली. दुसरीची साल नखानं खरवडून बघितली, आत हिरवं असेल म्हणून. नव्हतं. पुढच्या काड्या मी खरवडल्या नाहीत.

मी दत्ताजवळ जाऊन उभी राहिले. मग मातीकडं बघतच त्यानं विचारलं, "ही राख तरी कामाची हाय का ताई, रानाला?"

"हाय. थोडी."

"किती दिवस?"

मी माती तपासणारी बाई. याचं उत्तर मला नेमकं येत होतं.

"एक हंगाम," मी म्हणाले.

त्यानं मान हलवली. दोन्ही हातांनी ओंजळभर राख उचलून त्यानं नांगरलेल्या रानात टाकली. मग परत वाकला. मी पदर खोचला आणि त्याच्या शेजारी बसून राख गोळा करायला लागले.